पाणंदीतला दगड आणि टायरची साइडवॉल : सोलापूरकडच्या नव्या एसयूव्हीवाल्यांसाठी

डिसेंबर लागला की सोलापूरच्या आसपासच्या पाणंदींवर शहरातल्या गाड्यांची वर्दळ सुरू होते. ज्वारी हुरड्यात आलेली असते, कुणाचं तरी आमंत्रण असतं आणि हौसेनं घेतलेली उंच गाडी डांबरीवरून खाली घालायला एवढं निमित्त पुरतं. शेतमालक फोनवर सांगतो, "या की सरळ, गाडी येते शेतापर्यंत." त्याची येते, कारण त्याच्याकडे बोलेरो नाहीतर ट्रॅक्टर असतो. तुमच्या गाडीला अठरा-एकोणीस इंची अलॉय आणि त्यावर पातळ बाजूचा टायर असतो. सोमवारी टायरच्या दुकानात तक्रार ठरलेली: ऑल-टेरेन टायर होता, तरी बाजूनं फाटला कसा?

ऑल-टेरेन हे नाव जमिनीला टेकणाऱ्या नक्षीमुळे मिळतं. बाजूची भिंत, म्हणजे साइडवॉल, किती जाड आणि किती उंच आहे हे त्या नावातून कळत नाही. नक्षी दणकट आणि बाजू नाजूक असे टायर बाजारात भरपूर आहेत. त्यामुळे असा टायर घेऊन दगडात उतरायचं तर थोडी तयारी लागते. नुकतीच गाडी घेतलेल्यांनी ती कोणत्या क्रमानं करावी ते सांगतो.

आधी टायर वाचा

गाडीजवळ उकिडवे बसा आणि टायरच्या बाजूवरचे आकडे बघा. समजा लिहिलंय २५५/६५ आर १८. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे बाजूची उंची त्या रुंदीच्या किती टक्के आहे. २५५ चे ६५ टक्के काढले की साधारण १६६ मिलिमीटर येतात. आर म्हणजे रेडियल आणि १८ हा डिस्कचा, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकाचा व्यास, इंचांत. यातलं १६६ लक्षात ठेवा. दगड आणि अलॉय यांच्यामध्ये तेवढीच उंची आहे.

आता हाच हिशेब बाकीच्या टायरांना लावा. थारला १८ इंची अलॉयवर २५५/६५ येतो आणि १६ इंची डिस्कवर २४५/७५. दुसऱ्याची उंची १८४ मिलिमीटर भरते. बोलेरोचा २१५/७५ आर १५ म्हणजे १६१. जिम्नीचा १९५/८० आर १५ म्हणजे १५६. आणि शोरूममध्ये ज्याच्यासमोर फोटो काढला जातो तो २४५/५५ आर १९ भरतो जेमतेम १३५. महागड्या गाडीचा टायर बोलेरोपेक्षा अडीच सेंटीमीटर ठेंगणा निघतो, हे एकदा स्वतः गणित केल्याशिवाय पटत नाही.

नुसती टक्केवारी बघून फसू नका. २६५ चे ६० टक्के १५९ होतात आणि २१५ चे ६० टक्के १२९. आकडा तोच, पण दगडाला सामोरं जाणारं रबर तीन सेंटीमीटर कमी.

माझा स्वतःचा ठोकताळा असा: १५५ च्या वर उंची असेल तर साध्या खडकाळ पाणंदीची धास्ती घेऊ नये. १३५ ते १५५ मध्ये जावं, पण पुढे सांगितलेलं सगळं पाळून. १३५ च्या खाली असेल तर गाडी डांबरीला लावून उरलेली वाट चालत जावी, किंवा शेतमालकाच्या ट्रॉलीत बसावं. मुलांना तेच जास्त आवडतं.

बऱ्याच टायरांवर बारीक अक्षरांत थरांचा हिशेबही छापलेला असतो: ट्रेडखाली, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या नक्षीच्या भागाखाली, किती पॉलिएस्टर, किती पोलाद, किती नायलॉन आणि साइडवॉलमध्ये किती. तिथे साइडवॉलसमोर पॉलिएस्टरचा एकच थर असेल तर टायर कितीही राकट दिसो, दगडात त्याच्यावर भरवसा टाकू नका. दोन असतील तर ठीक. तीन थरांचे टायर मिळतात. ते जड असतात, गाडी थोडी टणक चालते, तेलही जरा जास्त पिते. डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह दिसलं तर ते बर्फावरच्या पकडीचं प्रमाण आहे. सोलापुरात त्याचा उपयोग काय होईल, तो तुम्हीच ठरवा.

शेवटी चार आकडी तारीख बघा. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. आपल्याकडचं ऊन रबराला लवकर वाळवतं. बाजूवर केसासारख्या भेगांची जाळी दिसायला लागली, की नक्षी कितीही शिल्लक असली तरी तो टायर दगडात न्यायचा नाही.

बाजूच का फाटते

रेडियल टायरमध्ये ट्रेडखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. खिळा किंवा खडा लागला तर त्याला आधी ते पट्टे भेदावे लागतात. बाजूला तसं काहीच नसतं. तिथे एका कडेच्या तारेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेले पॉलिएस्टरचे धागे आणि त्यांच्यावर काही मिलिमीटर रबर, एवढंच. ते तसं मुद्दाम ठेवलेलं असतं, कारण चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला बाजू दबते आणि परत सुटते. तिथे पोलाद भरलं तर गाडी बैलगाडीसारखी आदळेल.

नुकसान तीन तऱ्हांनी होतं. पहिली तऱ्हा म्हणजे सरळ काप. धारदार दगडाच्या कडेला टायर घासत गेला की रबर चिरतं आणि काप खोल असेल तर धागेही तुटतात. दुसरी चिमट्याची. वेगात असताना चाक दगडावर आदळतं, टायर पूर्ण दबून दगड आणि डिस्कची कड यांच्यामध्ये सापडतो आणि आतले धागे तुटतात. अशा वेळी बाजूवर कधी दोन समांतर चिरा दिसतात, कधी बाहेरून काहीच दिसत नाही आणि चार दिवसांनी फुगा येतो. ठेंगण्या टायरला हा धोका सगळ्यात जास्त, कारण दबायला जागाच थोडी. तिसरी तऱ्हा संथ आहे: हवा कमी असताना डांबरीवर जोरात चालवलं की बाजू जरुरीपेक्षा जास्त वाकत राहते, तापते आणि आतून सुटत जाते. दगडात वाचलेला टायर परतीच्या महामार्गावर फुटतो तो बहुतेक यामुळेच.

आपल्याकडचा दगड

सोलापूरचा सगळा पाया काळ्या बेसॉल्टचा, दख्खनच्या लाव्हातून आलेला. हा दगड जिथे मुरला, झिजला, तिथे मुरूम होतो आणि मुरमाची वाट टायरला सोसते. ओढ्यातले गोटे गोल असतात. त्यांच्यावरून गाडी डोलते, घसरते, पण टायर सहसा कापला जात नाही. खरी भीती ताज्या फुटलेल्या दगडाची. बेसॉल्ट फुटला की कडा धारदार निघतात. म्हणून पाणंदीवर नुकतीच अंथरलेली, रोलर न फिरवलेली खडी, विहिरीच्या खोदाईतून वाटेवर टाकलेले दगड आणि खाणीकडे जाणाऱ्या डंपरच्या वाटा यांना मी नैसर्गिक खडकाळ माळापेक्षा जास्त घाबरतो. सांगोल्याकडच्या माणदेशी माळावरचे उन्हापावसात पडून गुळगुळीत झालेले धोंडे त्या मानानं सज्जन.

काळ्या रानात वेगळी गंमत असते. उन्हाळ्यात दिसणारा दगड पावसाळ्यात चिखलात बुडालेला असतो आणि तो कुठे होता हे फक्त गावकऱ्याला माहीत असतं. त्यात ओलं रबर कोरड्यापेक्षा सहज कापलं जातं. दगडाच्या धारेला पाणी लागलं की ती रबरातून सुरीसारखी सरकते. पावसानंतर ओढा ओलांडताना म्हणूनच दुप्पट सावकाश.

धसकटांचंही बघा. कापणी झालेल्या तुरीच्या रानात विळ्यानं तिरका कापलेला बुडखा वाळून खिळ्यासारखा टणक झालेला असतो. गाडी वळवायला म्हणून बांधावरून रानात घातली की तो नेमका बाजूला टोचतो. वेड्या बाभळीचा काटा बहुतेक वेळा ट्रेडमध्ये जातो आणि पंक्चर काढून काम भागतं; तुरीचं धसकट बाजूत शिरलं तर टायरच जातो.

आणि हे सगळं सोडून, आपल्या जिल्ह्यात टायरची बाजू खाणारी एक जागा चक्क डांबरीवरच आहे. ऊस गळीताच्या दिवसांत समोरून ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या डोलवत येतो, तुम्ही डावी चाकं साइडपट्टीवर उतरवता, आणि साइडपट्टी वितीभर खचलेली असते. परत वर येताना स्टिअरिंग हळूच उजवीकडे धरून ठेवलं की डाव्या चाकाची आतली बाजू डांबराच्या तुटलेल्या कडेला दहा-पंधरा फूट किसत जाते आणि मगच चाक वर चढतं. तसं करू नका. वेग पार कमी करा, गरज पडली तर थांबा, ट्रॉल्या जाऊ द्या. मग कड सर्वांत कमी उंच असेल तिथे अगदी हळू, थोडा मोठा कोन घेऊन, ट्रेडनं चढा. वेगात असताना मात्र झटका देऊन वर यायचं नाही; गाडी उलट्या बाजूला फेकली जाते.

एक ताकीद वाटेबद्दल. बार्शी रस्त्यावर नान्नजजवळचं माळढोक अभयारण्य म्हणजे मोकळं मैदान नव्हे. १९७९ पासून ते अभयारण्य आहे, तिथले पक्षी जमिनीवर अंडी घालतात, आणि गवतात स्वतःची गाडी घालणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा ठरतो. टायर आजमावायला ही जागा नाही.

निघण्याआधी हवा

चालकाच्या दाराच्या चौकटीवर कंपनीचा स्टिकर असतो. त्यावरचा आकडा गार टायरचा असतो, म्हणजे गाडी तीनेक तास उभी असताना किंवा सकाळी निघतानाचा. तपमान पाच-सहा अंशांनी वाढलं की हवा साधारण एक पीएसआयनं (हवेचा दाब मोजायचं एकक) वाढते. मे महिन्यात सकाळी सव्वीस अंश आणि दुपारी बेचाळीस म्हटले तर नुसत्या हवामानानं तीनेक पीएसआय चढतात, त्यात चालण्यानं आलेली गरमी वेगळी. पंपावर दुपारी कुणी म्हणालं, "साहेब, हवा जास्त झालीय, काढू का?" तर नको म्हणा. तापलेल्या टायरची हवा काढली तर रात्री गार झाल्यावर तो कमी भरतो.

स्वतःचा गेज घ्या. काही शे रुपयांची वस्तू आहे आणि पंपावरच्या मीटरवर माझा तरी विश्वास नाही.

दगडात हवा कमी करावी का, यावर भांडणं होतात, आणि दोन्ही बाजू थोड्या थोड्या खऱ्या आहेत. हवा कमी केली की ट्रेड दगडावर पसरतो, पकड वाढते, गचके कमी बसतात. पण त्याच वेळी बाजू बाहेर फुगते, म्हणजे जी जागा लपवायची तीच दगडासमोर येते, आणि डिस्क जमिनीच्या जवळ जाते. उंच टायरला हा सौदा परवडतो. तिथे स्टिकरवर ३४ असेल तर लोक निर्धास्तपणे २०-२२ पर्यंत उतरतात. ठेंगण्या टायरला तेवढी सूट नाही. मी २६ ते २८ च्या खाली जायला सांगणार नाही, तेही वेग वीसच्या आत ठेवणार असाल तर. गाडीत सात माणसं आणि मागे हुरड्याची पोती असतील तर हवा कमी करूच नका. भरलेल्या गाडीचा जो आकडा स्टिकरवर आहे तोच ठेवा. उलट "दगडात जायचंय, चाळीस भर" असं सांगणारेही भेटतात. एवढा कडक टायर दगडावर दबत नाही, धार थेट रबरात घुसते.

हवा काढलीत तर भरायची सोय आधी हवी. बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर गाडीत ठेवा, भरताना इंजिन चालू ठेवा. हवा कमी असताना डांबरीवर यावंच लागलं तर चाळीस-पन्नासच्या वर जायचं नाही आणि पहिल्या पंपावर भरून घ्यायची. पाणंदीतून बाहेर पडून थेट पुणे महामार्गाला लागायचं आणि शंभरनं सुटायचं, हा खेळ टायर एखादवेळेस सहन करेल. नंतर नाही.

स्टेपनीची हवाही आजच बघा. वर्षभर कुणी हात लावलेला नसतो. ती कुठल्या मापाची आहे हेही बघा. अनेक गाड्यांत चारी चाकं १८ इंची आणि स्टेपनी लहान, लोखंडी डिस्कवरची असते. तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळावी लागते, बहुधा ताशी ऐंशी किलोमीटर. काही गाड्यांत तर स्टेपनीच नसते. जुलै २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत बदल झाला, तेव्हापासून टायरमधल्या हवेवर नजर ठेवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच दिला तर कंपनीला स्टेपनी न देण्याची मुभा आहे. तो संच ट्रेडमधल्या खिळ्यासाठी. बाजूच्या कापाला त्यातलं औषध लावून काही होत नाही. तुमची गाडी अशी असेल तर खडकाळ वाटेवर एकट्यानं जाऊ नका.

दगडात गाडी कशी घालायची

पहिली गोष्ट वेग. आदळण्याची ताकद वेगाच्या वर्गानं वाढते. वीसऐवजी चाळीसनं गेलात तर दगडावरचा तडाखा चौपट. माणूस चालतो त्या वेगानं गेलात तर ठेंगणा टायरही बरंच सहन करतो.

दुसरी गोष्ट नव्या माणसाला उलटी वाटते. दगड दिसला की आपण चाक त्याच्या शेजारून काढायला बघतो. वाट रुंद असेल तर काढावं. वाट अरुंद असेल तर शेजारून काढताना बाजू घासते. त्यापेक्षा दगड गाडीच्या पोटाला लागणार नाही एवढा असेल तर चाक सरळ त्याच्या डोक्यावर चढवा. ट्रेड दगडावर टेकला की खाली पोलादी पट्टे आहेत. चढताना हलका एक्सिलरेटर, उतरताना ब्रेकवर पाय ठेवून, धाडकन सोडायचं नाही.

मागची चाकं विसरू नका. वळताना मागचं चाक पुढच्याच्या रेषेत येत नाही, ते आतल्या बाजूनं जातं. चालक पुढचं चाक दगडापासून अचूक वाचवतो, खूश होतो, आणि तोच दगड मागच्या टायरच्या बाजूत बसतो. म्हणून वळणाच्या आतल्या बाजूला दगड असेल तर थोडं पुढे जाऊन मग वळा. आपण उजवीकडे बसतो, त्यामुळे डावी बाजू तशीही आंधळी. शेजारच्याला खाली उतरवा आणि डाव्या मागच्या चाकाजवळ उभं करा. त्यानं फक्त हातानं इशारा करायचा. पाच जण एकदम "घे, घे, अजून घे" ओरडायला लागले की टायर गेलाच समजा.

चाकोरी खोल असेल आणि बाहेर पडायचं असेल तर भिंतीला चाक घासत घासत वर येऊ नका. भिंत जिथे ढासळलेली आहे तिथे थांबा, स्टिअरिंग नीट वळवा, आणि मग चढा. दोन दगडांच्या मधल्या खाचेत चाक घालू नका, तिथे टायर दोन्ही बाजूंनी एकदम चेपला जातो.

आणि चाक फिरू लागलं, गाडी जागची हलेना, तर पाय काढा. धारदार दगडावर गरगर फिरणारा टायर काही सेकंदांत सोलून निघतो. मागे या, वाट बदला, चार दगड उचलून बाजूला टाका. दगड उचलण्यात कमीपणा नाही. मात्र निघताना ते दुसऱ्याच्या बांधावर किंवा पिकात टाकू नका, नाहीतर पुढच्या वर्षी आमंत्रण येणार नाही.

परत आल्यावर हात फिरवा

घरी आल्यावर चाकं पाण्यानं धुवा. चिखलाखाली काप दिसत नाही. मग प्रत्येक टायरच्या बाजूवरून तळहात फिरवा, बाहेरून आणि आतूनही. पुढच्या चाकांची आतली बाजू बघायला स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा; मागच्यांसाठी गाडी सपाट जागी उभी करून, हँडब्रेक ओढून, मोबाइलचा टॉर्च घेऊन वाका. जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका.

काप सापडला तर त्याच्या कडा दोन बोटांनी हलक्या उघडून बघा. आत तळापर्यंत नुसतं काळं, तुकतुकीत रबर दिसत असेल आणि काप उथळ असेल तर टायर चालेल. खडूनं खूण करा आणि आठवड्यानं परत बघा. तळाशी पांढरट, पिवळसर किंवा मळकट धागा दिसला, सुताच्या दशीसारखा, तर तो टायर संपला. साबणाचं पाणी लावलं आणि बुडबुडे आले नाहीत म्हणून हायसं वाटून घेऊ नका. धागे तुटूनही आतलं अस्तर काही दिवस हवा धरून ठेवतं.

फुगा ओळखणं सोपं. बाजूवर एके ठिकाणी उंचवटा लागतो, कधी सुपारीएवढा, कधी अर्ध्या लिंबाएवढा. त्याचा अर्थ तिथले धागे तुटले आहेत आणि नुसतं रबर हवेला अडवून धरतंय. हा टायर कधी फुटेल सांगता येत नाही, त्यामुळे महामार्गावर न्यायचाच नाही. पण त्याच बाजूवर कडेपासून ट्रेडकडे गेलेली उभी, आत दबलेली खाच दिसली तर घाबरू नका. टायर बनवताना धाग्यांच्या थराची दोन टोकं एकमेकांवर येतात, तिथे ताकद दुप्पट असते आणि हवा भरल्यावर ती जागा कमी फुगते. बाहेर आलेलं वाईट, आत गेलेलं बहुधा निरुपद्रवी. हा फरक न कळल्यामुळे चांगले टायर फेकून दिलेले मी पाहिलेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारी टायरांची गार हवा मोजा. एक टायर बाकीच्यांपेक्षा दोन-तीन पीएसआय खाली गेला असेल तर कुठेतरी काहीतरी आहे.

वाटेतच फाटला तर

फस्स आवाज आला की थांबा. "थोडं पुढं घेतो, सावली आहे" यात अलॉयही जातं. जॅक लावताना काळ्या मातीत तो खाली रुततो, खडकावर सरकतो. म्हणून गाडीत दीड फुटी जाड फळी कायम असावी. विरुद्ध बाजूच्या चाकाला पुढे-मागे दगड लावा, नट जमिनीवर असतानाच सैल करा, मग उचला.

स्टेपनी आधीच वापरून झाली असेल किंवा नसेलच, तर काप बारीक असताना ट्यूबलेसच्या रबरी वाता शेजारी शेजारी भरून हवा तात्पुरती अडवता येते. अनुभवी ऑफ-रोडवाले हे करतात. पण हा जुगाड फक्त पाणंदीतून डांबरीपर्यंत, चालण्याच्या वेगानं, आणि त्यानंतर टायर भंगारात. कुणी म्हणेल, "मी असंच हैदराबादला जाऊन आलो." आला असेल.

दुकानात काय ऐकून घ्यायचं, काय नाही

ट्रेडच्या मधल्या भागात सहा मिलिमीटरपर्यंतचं भोक टायर उतरवून, आतून मशरूम पॅच (भोकात दांडी आणि आतून टोपी बसणारा रबरी तुकडा) लावून नीट दुरुस्त होतं. खांदा, म्हणजे ट्रेड आणि बाजू जुळतात ती कड, आणि बाजू दुरुस्त होत नाहीत. तरी दुकानात तीन गोष्टी सुचवल्या जातील: हॉट पॅच मारू (तापवून रबराचा तुकडा चिकटवू), आतून गेटर टाकू (जुन्या टायरचा जाड तुकडा आत बसवू), नाहीतर ट्यूब घालून देऊ. दुकानदार फसवतोच असं नाही. ट्रॉलीच्या, हळू चालणाऱ्या गाड्यांच्या टायरांवर त्याची पिढ्यान्‌पिढ्या हीच कामं चालली आहेत आणि तिथे ती खपतात. तुमची गाडी दोन टन वजन घेऊन शंभरनं पळते. दर फेऱ्याला वाकणाऱ्या जागेवर चिकटवलेला तुकडा एक दिवस सुटतो. नम्रपणे नाही म्हणा. "काका, गावात फिरवायला तरी घ्या" असा आग्रह झाला तरी नाहीच.

नवा टायर एकच घ्यायचा की जोडी? त्याच एक्सलवरच्या दुसऱ्या टायरची नक्षी निम्म्याहून जास्त झिजली असेल तर जोडी घ्या आणि उरलेला चांगला टायर स्टेपनीला टाका. फोर बाय फोर गाडीत चाकांच्या घेरातला फरक गिअरच्या भागांवर ताण आणतो, त्यामुळे तिथे कंजूषी महागात पडते. किती फरक चालेल ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. मेक आणि नक्षीही तीच ठेवा.

पैसे कोण देणार हाही प्रश्न येतोच. टायर कंपनीची नेहमीची वॉरंटी बनावटीतल्या दोषाला असते. दगडानं कापलेला टायर त्यात बसत नाही. काही कंपन्या अपघाती नुकसानीची वेगळी योजना देतात, घेताना विचारा आणि बिल जपा. गाडीच्या साध्या विम्यात नुसता टायर फाटला तर काही मिळत नाही. त्याच घटनेत गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीचे निम्मे मिळू शकतात. टायरसाठीचं वेगळं ॲड-ऑन मिळतं, पण त्यातही ऑफ-रोड वापर वगळलेला असू शकतो. अटी वाचूनच पैसे भरा.

पुढच्या वेळी टायर बदलताना पैसे असतील तर ते जास्त राकट नक्षीवर घालण्याआधी डिस्कचा विचार करा. तुमच्याच गाडीच्या खालच्या मॉडेलला कंपनी एक-दोन इंच लहान डिस्क आणि उंच टायर देत असेल, तर ते माप तुमच्या ब्रेकच्या कॅलिपरवर, म्हणजे चाकाच्या आत असलेल्या ब्रेकच्या चिमट्यावर, बसतं का हे डीलरकडे विचारा. बसत असेल तर साध्या लोखंडी डिस्कवरचा उंच टायर पाणंदीत १९ इंची अलॉयपेक्षा कधीही बरा. दगड लागून डिस्कची कड वाकलीच तर लोखंड ठोकून सरळ करता येतं, अलॉयला चीर जाते. बाहेरचा व्यास मूळ टायरपेक्षा तीनेक टक्क्यांपलीकडे बदलू देऊ नका, नाहीतर स्पीडोमीटर चुकतो. नव्या टायरचा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, मूळच्यापेक्षा कमी घेऊ नका. ११२ म्हणजे एका टायरवर ११२० किलो, १०९ म्हणजे १०३०.

फाटलेला टायर दुकानात सोडताना त्याच्या कापावर खडूनं मोठी फुली मारून द्या, आणि तो भंगारातच जाईल असं सांगा. बाजूला पॉलिश मारलेले, आतून गेटर टाकलेले जुने टायर स्वस्तात विकायला असतात, आणि पुढचा गिऱ्हाईक बहुधा तुमच्यासारखाच नवा असतो.